ताकदीच्या गोळ्या

बारावीच्या सीईटीचा निकाल बघून बापानं मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि मोसंबीला पाणी द्यायला निघून गेला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला बी. फार्मसी करायचं होतं आणि तेवढ्या पर्सेंटाइलवर मला कोणी दारात उभं करणार नव्हतं. मंग जालन्यात बी. एस्सी.ला नाव घातलं. ठरलं असं, की बी. एस्सी. करता करता सीईटी परत द्यायची. पहिल्या वर्षी दिली, ती बी गेली. दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीला गावी आल्ते, तेव्हा बाप ओट्यावर बसून म्हणाला, "हे बघ माय, आता शेवटचं. यंदा नंबर लागला तर फार्मसीला घालतो, माझा शब्द हाये. न्हाई लागला तर मंग माझ्या मनानं होऊ दे. दोन जागचे लोक विचारून राह्यलेत, मी थांबवून धरलंय."

यात त्याचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं न्हाई, आजही वाटत न्हाई. त्याला जेवढं माहीत होतं तेवढ्यात तो सरळ वागला. बाकीचं मीच त्याला कळू दिलं नव्हतं.

फार्मसीच का, असं मला पुष्कळांनी विचारलंय. नर्सिंग कर, डी. एड. कर, पोरीच्या जातीला बरं. आमचं गाव तीर्थपुरीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. लहानपणी बाजाराला गेलं की आई भाजीपाला घ्यायची आणि मी मेडिकलच्या पायरीवर बसायची. औषधाच्या खोक्यात एक पातळ घडीचा कागद असतो, मुंगीएवढ्या अक्षरांचा. दुकानदार तो काढून फेकायचा आणि मी वेचून आणायची. त्यात सगळं लिहिलेलं असतं. हे औषध कशाचं आहे, पोटात गेल्यावर कुठं जातं, किती तास टिकतं, कोणी घेऊ नये, जास्त झालं तर काय करावं. इतकं खरं बोलणारा कागद मी दुसरा पाह्यला न्हाई. मला ते सगळं यायला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि डोकंच बिघडलं.

पिक्चरमधे दाखवतात तसं काही झालं न्हाई बरं का. मी काचा फोडल्या न्हाईत, भिंतीवर डोकं आपटलं न्हाई. बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षी हळूहळू मला उठताच येईना, बस. जालन्यात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, मी आणि मंठ्याची एक मैत्रीण. ती सकाळी नमाज पढून, चहा करून, डबा भरून कॉलेजला निघायची तेव्हा मी गोधडीत डोळे उघडे ठेवून पडलेली. ती परत यायची तेव्हा बी तिथंच. केस विंचरायला हात वर न्यायचा म्हणजे मला मोठं काम वाटायचं. कधीमधी प्रॅक्टिकलला गेले तर ब्युरेटमधून थेंब पडताना बघत राहायची आणि रंग बदलून गेल्यावर कळायचं की थांबायचं राहून गेलं. सीईटीचं पुस्तक उघडलं की रासायनिक गतिकीचं एकच पान. आठ दिवस एकच पान. एकेक ओळ वीस वेळा वाचायची आणि विसाव्या वेळेला ती पहिल्यापेक्षा परकी वाटायची. ती पहिल्या वर्षीची सीईटी गेली ती अशी गेली. बापाला वाटलं पोरगी शहरात उंडारली. उंडारायला तरी अंगात जीव लागतो!

दुसरं वर्ष सुरू झालं तेव्हा मैत्रिणीनंच एक दिवस गोधडी ओढली. "उठ गे. आज दवाखाने चलते. मैं रिक्षा रोकी हूं, जल्दी कर." जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराची ओपीडी असते हे तिनं कुठून काढलं देव जाणे. त्या रांगेत मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून उभी राह्यले. बघते तर सगळेच तसे. कोणाचा पदर, कोणाचा रुमाल, एका म्हाताऱ्यानं तर टोपीच तोंडावर ओढून घेतल्ती.

आतल्या मॅडम वयानं फार मोठ्या नव्हत्या. झोप किती लागते, जेवतेस का, असं विचारत गेल्या. मंग सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

मी म्हणाले, "मरायला उठावं लागतं ना मॅडम."

त्या हसल्या न्हाईत. लिहून घेतलं. गोळ्या दोन प्रकारच्या दिल्या. एक सकाळची पांढरी, तिला गुण यायला तीन-चार आठवडे लागणार. दुसरी बारीक, झोपायच्या आधी अर्धी मोडून घ्यायची, ती थोडे महिनेच. मी विचारलं, "अभ्यास होईल का?" त्या म्हणाल्या, "आधी झोप होऊ दे." औषधाच्या खिडकीतल्या माणसानं मात्र मला दोन्ही पट्ट्या हातात देऊन सगळं नीट सांगितलं, आवाज न चढवता, मागं रांग असताना. उद्या ह्याच्या जागी मला उभं राहायचंय असं त्या खिडकीशी मला वाटलं, आणि किती दिवसांनी काहीतरी वाटलं म्हणून मला रस्त्यातच रडू आलं.

चौथ्या आठवड्यात पान उलटलं. काही चमत्कार झाला न्हाई, रासायनिक गतिकी संपून पुढचा धडा लागला, एवढंच. पण मला कळून चुकलं, की ह्या गोळ्या आहेत तर सीईटी आहे, आणि सीईटी आहे तर फार्मसी आहे. गोळ्या गेल्या की परत गोधडी, आणि गोधडीतून थेट मांडवात.

मंग दिवाळी आली आणि गावी जायची वेळ झाली. आता गावाकडं डोक्याच्या गोळ्या खाणारी पोरगी म्हणजे काय ते मी सांगायला पाहिजे का? तापाची गोळी असो, पोटदुखीची असो, कोणी विचारत न्हाई. डोक्याची म्हणलं की पोरगी येडी. मंग शिक्षण कशाला, कोणी करून घेतंय तोवर देऊन टाका. बापाचा शब्द त्याच घटकेला संपला असता. माझ्याकडं ताकदीच्या गोळ्यांची एक रिकामी डब्बी होती, पांढरी, प्लॅस्टिकची, वर दुधाचा ग्लास आणि सफरचंदाचं चित्र. मागं रक्त कमी निघालं तेव्हा तीर्थपुरीच्या डॉक्टरांनी दिल्ती. मी दोन्ही पट्ट्यांतल्या गोळ्या फोडून फोडून त्या डब्बीत भरल्या आणि पट्ट्या जालन्यातच फेकून दिल्या.

फार्मसीला जायला निघालेल्या पोरीनं हे केलं. गोळी तिच्या नावासहित ठेवायची, दुसऱ्या औषधाच्या डब्बीत घालायची न्हाई, हे शेंबड्या पोराला कळतं. मला न्हाई कळलं? कळलं होतं. पण मला माझी लाज झाकायची होती.

आणि त्याहून मोठी चूक पुढंच आहे. आमच्या घरात गोळी कुणा एकाची नसते, घराची असते. बापाची पित्ताची गोळी चुलती खाते, चुलतीचं खोकल्याचं औषध शेजारच्या घरात जातं, तिथून अर्धी बाटली परत येते. कुणी जांभई दिली तरी दुसरं विचारतं, "माझ्याकडं एक हाये, देऊ का?" एकाला गुण आला की ती गोळी गावभर फिरती. मी ह्यातच वाढले. मी स्वतः मोठेपणी सगळ्यांवर ओरडायची, की असं करू नका, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. आणि तरीबी मला वाटलं माझ्या डब्बीला कोण हात लावतंय!

आई माझ्याकडं बघून राह्यली होती. मागच्या सुट्टीत दिवस दिवस पडून राहणारी पोरगी ह्या खेपेला सकाळी उठते, डब्बीतली गोळी खाते, भाकरी खाते आणि पुस्तक घेऊन मोसंबीत जाऊन बसते. आईनं तिच्या हिशोबानं बराबर अर्थ लावला. ताकदीच्या गोळ्यांनी पोरीला ताकद आली.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. कापसाची वेचणी चालू होती. मी दुपारी विहिरीकडच्या सावलीत प्रश्न सोडवत बसले होते. आरडाओरडा ऐकू आला म्हणून पळाले तर आई घराच्या पायऱ्यांशी पडलेली, बाजूला कापसाचं गाठोडं, आणि उजवा हात मनगटापासून भलतीकडंच वळलेला. चुलती तिच्या तोंडावर पाणी मारत होती. आई डोळे उघडायची आणि परत मिटायची. मला बघून हसली बी. हात मोडलेलं माणूस असं हसत न्हाई, हे मला तिथंच खटकलं.

जीपमधे टाकून तीर्थपुरीला नेलं. डॉक्टरांनी हात बघितला, बीपी बघितला, परत बघितला. "मावशी, चक्कर कशानं आली? सकाळपासून काय खाल्लं होतं?"

आई जड जिभेनं म्हणाली, "काई न्हाई सायेब. भाकर. आन् पोरीच्या ताकदीच्या दोन गोळ्या. बारीक हायेत म्हून दोन खाल्ल्या."

बारीक म्हणजे झोपेची. मला अर्धी होती. तिनं दोन खाल्ल्या, म्हणजे चौपट, आणि भरदुपारी, उन्हातून कापूस वाहताना.

डॉक्टर माझ्याकडं वळले. "कसल्या गोळ्या गं त्या?"

बाप शेजारी उभा होता. चुलती दारात होती. मला त्या गोळीचं नाव माहीत होतं, किती मिलिग्रॅमची ते माहीत होतं, रक्तात किती तास टिकते ते माहीत होतं, आणि तिच्यावर दुसरं कुठलं गुंगीचं औषध दिलं तर श्वासाला धोका होऊ शकतो हे तर त्या मुंगीएवढ्या अक्षरांत जाड ठशात लिहिलेलं असतं. सगळं तोंडपाठ होतं. सीईटीला असला एक प्रश्न आला असता तर मी डोळे झाकून सोडवला असता.

मी म्हणाले, "मल्टिव्हिटॅमिन आहेत सर."

त्यांनी मान हलवली. उन्हाचं झालं असंल म्हणाले, सलाईन लावलं आणि हात बसवायच्या आधी दुखू नये म्हणून गुंगीचं इंजेक्शन भरायला सांगितलं. मी बोलले न्हाई. इंजेक्शन दिलं, मी बोलले न्हाई. हात बसवला, प्लास्टर चढलं, आई गाढ झोपून गेली, आणि मी खाटेजवळच्या स्टुलावर बसून तिच्या छातीकडं बघत राह्यले. वर जाते का, खाली येते का. एकदा मधे इतका वेळ गेला की मी तिचा खांदा धरून हलवला. ती "ऊं" म्हणाली. बाप बाहेरून चहा घेऊन आला आणि म्हणाला, "झोपू दे की तिला, कशाला उठवतीस?" दिवस मावळता मावळता तिनं डोळे उघडून पाणी मागितलं. तोवर मी किती वेळा तोंड उघडून मिटलं ते मलाच माहीत. माझी आई मेली असती तरी मी बोलले असते की न्हाई, हे मला आजपर्यंत कळलेलं न्हाई. पण खोटं कशाला लिहू?

घरी आल्या आल्या मी डब्बी घेऊन संडासात गेले आणि सगळ्या गोळ्या ओतून दिल्या. सकाळच्या बी, झोपेच्या बी. एकदम बंद करायच्या नसतात हे बी पाठ होतं मला. माझ्या पाठांतराचं डोंबल!

पुढचा महिना मला नीट आठवत न्हाई. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. आईचा उजवा हात गळ्यात, तेव्हा भाकरी मी, भांडी मी, कापसात चुलतीशेजारची ओळ, म्हणजे पाथ, मी धरायची. पुस्तकं खुंटीला टांगलेल्या बॅगेत. आठ-दहा दिवसांनी मंग तेच सुरू झालं. भाकरी तव्यावर जळून जायची आणि मला वास यायचा न्हाई. आंघोळ राहायची. सकाळी आई डाव्या हातानं मला हलवायची, "ऊठ बाई, ऊठ," आणि मी ऐकू येत असून उठायची न्हाई. जालन्याला परत जायचं नाव मी काढलं न्हाई, कोणी काढलं बी न्हाई. सीईटीचा विचार आला की मला त्या इंजेक्शनची सुई दिसायची. असल्या माणसाला औषधाच्या दुकानात उभं करू नये, हे माझं मलाच पटलं होतं. स्थळवाल्यांना होकार कळवा, असं बापाला सांगायचं मी मनात धरलं होतं.

आणि बापाच्या डोक्यात भलतंच! सीईटीचे फॉर्म सुटले होते. पोरगी आईच्या कामात अडकली, तिचं वर्ष आपल्या घरामुळं जायला नको, म्हणून तो स्वतः कुंभार पिंपळगावला जाऊन फॉर्म भरून आणणार होता. आधारची झेरॉक्स पाहिजे म्हणून त्यानं खुंटीवरची माझी बॅग उतरवली. कप्प्यातून झेरॉक्स निघाली आणि तिच्याबरोबर सरकारी दवाखान्याचा केसपेपर निघाला. वर छापलेलं, मनोविकार विभाग. मराठीत, ठळक. खाली माझं नाव.

मी चुलीपुढं होते. आई उंबऱ्याला टेकून एका हातानं शेंगा सोलत होती. चुलती दळण घ्यायला आल्ती. बापानं कागद दोनदा वाचला. "हे काय हाये?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

"हे काय हाये म्हणतो मी! येड्याच्या डॉक्टरचा कागद हाये हा. तुझं नाव हाये ह्याच्यावर."

मला वाटलं, सुटले. खरंच तसंच वाटलं. आता सांगून टाकायचं आणि काय व्हायचं ते होऊ दे. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "माझा हाये तो."

बाप तिच्याकडं बघायला लागला. ती शेंगा सोलतच होती. "म्याच तिला म्हणले व्हते, माझ्या डोस्क्याचं काईतरी बघ जालन्याला. म्या कवा जाऊ रांगंत उभी राहायला? तिनं तिच्या नावानं कागद काढला आन् गोळ्या आणल्या. त्याच व्हत्या त्या, म्या खाल्लेल्या. म्हून तर पडले."

आई दुसरी पास आहे. इतकं बराबर खोटं ती कधी शिकली, मला ठाऊक न्हाई. तिला कळलं तरी केव्हा? बहुतेक दवाखान्यातच, मी मल्टिव्हिटॅमिन म्हणाले तेव्हा. ती अर्धी झोपेत होती, पण लेकीचा आवाज ओळखायला तिला जागं असावं लागत न्हाई.

बाप चिडेल, खोदून विचारेल, असं मला वाटलं होतं. तसलं काही झालं न्हाई. तो खाली बसला. कागदाची घडी घातली आणि हळू आवाजात म्हणाला, "मला वाटलंच व्हतं."

चुलती लगेच म्हणाली, "वाटायला काय पाहिजे भाऊजी? पाथीत एकटीच पुटपुटत असती. लगनं झाली की बाया हसतात, ही रडती."

कोणालाच नवल वाटलं न्हाई. माझ्यासाठी सगळ्यात वाईट ते होतं. एवढी वर्षं घरातल्या प्रत्येकाला वाटलंच होतं, आणि एकानं बी तिला विचारलं नव्हतं. त्यात मी बी आले. खोलीतल्या परक्या पोरीनं माझी गोधडी ओढली, आणि मी माझ्या आईची न्हाई ओढली.

बाप उठला, झेरॉक्स खिशात घातली आणि पिंपळगावला जाऊन माझा फॉर्म भरून आला. जाताना एवढंच म्हणाला, "त्या गोळ्या बंद म्हणजे बंद. परत घरात दिसल्या न्हाई पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी ओसरीत कापसातला पालापाचोळा निवडत आम्ही दोघीच बसलो होतो. मी विचारलं, "आई, खोटं कशाला बोललीस?"

ती म्हणाली, "तुझं अजून व्हायचं हाये. माझं काय ऱ्हायलंय?" मंग बराच वेळ काडी-कचरा काढत राह्यली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आन् लई खोटं बी न्हाई ते."

"म्हणजे?"

"त्या दुपारी गोळ्या खाल्ल्यावर डोस्कं कसं गप झाल्तं. नुस्ती बसले बांधावर. कोणाचं काय, कशाचं काय, काईच न्हाई. पडले तव्हा बी दुखलं न्हाई मला. तू व्हायच्या आधीपसून असं गप कधी झालं नव्हतं बाई." तिनं आजूबाजूला बघितलं. "आणिक हायेत का त्या?"

मला तिचा राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. मी म्हणाले, तशा खायच्या नसतात, डॉक्टरला दाखवावं लागतं, तुला दुसरी लागंल, तपासून देतात. तोंडातून पाठ केलेलं सगळं आलं. तिनं शाळेतल्या पोरीसारखं ऐकून घेतलं. "मंग घेऊन चल मला," म्हणाली. "आता तर नाव झालंच हाये माझं. आता रांगंत उभी राह्यले तरी कोण काय म्हणणार?"

मी म्हणाले, "कापूस होऊ दे. प्लास्टर निघू दे."

प्लास्टर निघालं आणि मी जालन्याला परत आले. मॅडमकडं गेले. त्यांनी विचारलं, "एकदम बंद करायच्या नसतात, माहीत नव्हतं?" मी म्हणाले, माहीत होतं. आईचं सांगायला जीभ उचलली होती. पण आईचं सांगायचं म्हणजे पडण्याचं सांगायचं, डब्बीचं सांगायचं, आणि तीर्थपुरीच्या डॉक्टरांना मी काय बोलले ते सांगायचं. मी नव्या गोळ्या घेऊन उठले. ह्या खेपेला पट्टीतच ठेवल्या.

महिन्यानं पान परत उलटायला लागलं. मैत्रीण पहाटे उठवायची, मी बसायची. रोज किती प्रश्न सोडवले ते भिंतीवर पेन्सिलनं मांडायची. गावाकडून काय काय कानावर यायचं. आईला आता हळदीकुंकवाला कोणी बोलवत न्हाई. चुलती तिच्या हातात लेकरू देत न्हाई. विहिरीवर एकटी गेली तर मागून कोणीतरी बघायला जातं. मी ऐकायची आणि पुढचा प्रश्न घ्यायची. तिनं माझ्यासाठी हे केलंय तर ते वाया जाऊ द्यायचं न्हाई, असं मी स्वतःला सांगायची. ऐकायला किती बरं वाटतं ना? त्या वाक्यावर मी सीईटी काढली.

नंबर लागला. फार भारी न्हाई, पण लागला. बापानं गावात पेढे वाटले. प्रवेशाच्या दिवशी तो माझ्याबरोबर आला, कॉलेजच्या फाटकाशी उभा राहून त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "तुझ्या आईला आणायचं व्हतं. पण कुठं काय करून बसली असती, सांगता येत न्हाई."

मी तिथंच म्हणाले, "बाबा, आईला एकदा डॉक्टरला दाखवू. मी नेते."

"काई नको," तो म्हणाला. "गोळ्या खाऊनच हात मोडला ना तिचा? बंद केल्या तव्हापसून बरी हाये. गप असती."

त्याचं म्हणणं खोडायचं तर एकच वाक्य पुरेसं होतं. बाबा, त्या गोळ्या माझ्या होत्या, आणि तिला तपासून, बराबर मापानं दिल्या तर तिला बरं वाटंल. माझ्या हातात प्रवेशाची फाइल होती. मी ती छातीशी धरली आणि आत गेले.

आता पहिलं वर्ष चालू आहे. कुठलं औषध किती द्यायचं, कोणाला द्यायचं, कोणाला न्हाई, शिकून राह्यले. मार्क चांगले पडतात. माझी सकाळची गोळी चालू आहे, बारीक बंद झाली. दर रविवारी आई चुलतीच्या मोबाइलवरून फोन करते. जेवलीस का, अभ्यास होतो का, असं सगळं झालं की आवाज बारीक करून विचारायची, "मला कवा नेतीस?" मी म्हणायची, ही परीक्षा होऊ दे. मंग म्हणायची, प्रॅक्टिकल होऊ दे. मंग दिवाळीला आल्यावर. ती म्हणायची, "बरं बाई."

मागच्या तीन रविवारी तिनं विचारलं न्हाई. जेवलीस का म्हणाली, अभ्यास होतो का म्हणाली, आणि फोन चुलतीच्या हातात दिला.